अ‍ॅडजस्टेबल अंगठ्या आणि ब्रेसलेट: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

रोज व्हॉट्सअ‍ॅपवर तेच प्रश्न येतात आणि मी जेवता जेवता एका हाताने तीच उत्तरं टाईप करत बसते, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतेय. मी कोल्हापूरची. चांदी आणि पितळेत ओपन (म्हणजे पूर्ण गोल न जोडता फट ठेवलेल्या) अंगठ्या, कडी, दोरीची ब्रेसलेट करते, डिझाइन माझं आणि चांदीचं काम हुपरीच्या एका कारागीरमामांचं. काही उत्तरं लांबलीत, काही एका ओळीत संपलीत, चालवून घ्या.

अ‍ॅडजस्टेबल म्हणजे फ्री साइजच ना? कुणालाही बसेल?

नाही हो. ओपन अंगठी दोन-तीन नंबर वरखाली होते, बस. आपल्याकडच्या अंगठीच्या नंबरांचं गणित सोपंय, नंबरात ४० मिळवा की साधारण आतला घेर मिलिमीटरमध्ये मिळतो. १२ नंबर म्हणजे ५२ मिमी घेर, म्हणजे साडेसोळा मिमीच्या आसपास व्यास. १२ ची १५ करायची तर घेर फक्त ३ मिमी वाढतो, मागची २ मिमीची फट ५ मिमीची होते, दिसायला काही फरक पडत नाही. पण तीच अंगठी ८ नंबरच्या करंगळीला आणि २२ नंबरच्या अंगठ्याला चालवायची म्हटलं तर फट १४ मिमीने वाढवावी लागेल, मग ती अंगठी राहत नाही, नुसता हुक होतो. म्हणून मी एकच साइज न ठेवता लहान, मधली, मोठी अशा तीन ठेवते आणि तुमचा नंबर विचारते, त्याचा राग मानू नका.

अमेरिकेतल्या मुलीसाठी, सुनेसाठी मागवत असाल तर तिकडचे नंबर वेगळे. तिकडचा ७ म्हणजे आपला साधारण १४. एका काकूंनी ७ सांगितलं, मी ७ पाठवली, ती करंगळीतसुद्धा गेली नाही.

हे ओपन अंगठीचं फॅड आत्ता आलंय का?

पायाकडे बघा. जोडवी काय आहेत? खालून उघडी चांदीची पट्टी, घातली की दाबून बसवायची. पायाच्या बोटाचं माप कोण घेत बसणार, आणि दिवसभर उभं राहिलं की पाय सुजतात, म्हणून ती उघडी. वेढणी घ्या, नुसते तारेचे वेढे, बोट जाड झालं की वेढे जरा सैल होतात. पैठणीवर घालतो ती वाकी पण दाबून दंडाला बसवायची. आणि ठुशीची मागची दोरी विसरू नका, गोंडा सरकवला की गळ्याबरोबर, सैल केला की खाली. आपल्याकडे पटवेकरी हेच काम करत आलेत, दागिना गाठवून द्यायचा तोच असा की घालणारीला कमीजास्त करता यावा. नवीन आहे ते फक्त नाव.

घरी बोटाचं माप कसं घेऊ?

दोऱ्याने घेऊ नका. दोरा ताणला जातो आणि बोटात रुततो, माप हमखास कमी येतं. कागदाची अर्धा सेंटीमीटर रुंद पट्टी कापा, बोटाभोवती गुंडाळा, जिथे टोक येतं तिथे पेनने खूण करा, पट्टी सरळ करून स्केलवर मोजा. ५४ मिमी आलं तर १४ नंबर. माप संध्याकाळी घ्या, सकाळी थंड पाण्यात हात घालून घेतलेलं माप दुपारी खोटं ठरतं. बोटाचं पेर जाड असेल तर पेराचंही माप पाठवा, ओपन अंगठीचा खरा फायदा तिथेच आहे, पेरावरून जाताना जरा उघडायची आणि खाली आली की दाबायची.

माझी बांगडी २.६ ची आहे, तर कडं कुठलं?

आधी हा २.६ काय आहे ते ऐका, कारण अर्ध्या रिटर्नचं कारण हेच असतं. हा दशांश नाही. हे बांगडीच्या आतल्या व्यासाचे दोन इंच आणि वर सहा आणे आहेत, सोळा आण्यांच्या हिशोबातले. म्हणजे २.४ म्हणजे सव्वादोन इंच, २.८ म्हणजे बरोबर अडीच इंच, आणि २.१० हा २.८ पेक्षा मोठा असतो, लहान नाही. मिलिमीटरमध्ये २.४ म्हणजे ५७, २.६ म्हणजे ६०, २.८ म्हणजे साडेत्रेसष्ट आणि २.१० म्हणजे ६६-६७ च्या आसपास.

पण ही सगळी मापं पंजा आत जावा म्हणून आहेत. ओपन कडं मनगटाच्या मापाचं असतं, पंजाचं नाही, म्हणून बांगडीचा नंबर मला कामाचाच नाही. टेपने मनगट मोजा, हाडाच्या जरा वर. साडेसहा इंच आलं तर मी साडेपाच इंचाची पट्टी घेते, उरलेला इंच म्हणजे फट.

अंगठी तुटेल का सारखी उघडबंद केली तर?

तुटेल. तार कापायची पक्कड नसली की आपण काय करतो, इकडे तिकडे वाकवतो आणि ती तुटते, तेच इथे होतं. फक्त अंगठीत ते हळूहळू होतं. धातू वाकवला की तो त्या जागी ताठतो, पुन्हा वाकवला की आणखी ताठतो, आणि एक दिवस वाकायच्या ऐवजी तडकतो. मामा चांदी मध्ये मध्ये तापवून फिक्कट लाल झाली की पाण्यात टाकतात आणि मऊ करून घेतात, पण तुमच्या घरी कोण तापवणार.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं, अ‍ॅडजस्टेबल म्हणजे एकदा बसवायची आणि सोडून द्यायची. आज तर्जनीत, उद्या अनामिकेत असं रोज बदलत असाल तर दोन अंगठ्या घ्या (धंद्यासाठी नाही सांगत, खरंच).

पण मी तर दोनदाच उघडली आणि खड्याजवळच तुटली, असं का?

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे, कारण हेच माझ्यासोबत झालंय. पहिला लॉट केला तेव्हा वर पितळेचं पिंपळपान आणि खाली बारीक तार, पान तारेवर जोडलेलं, मागे फट. दिसायला इतकी सुंदर की मी स्वतःच्या हातातून काढत नव्हते. महिन्याभरात सात-आठ फोटो आले, सगळ्या अंगठ्या एकाच जागी तुटलेल्या, जिथे पानाची कड संपते आणि तार सुरू होते तिथे. मला वाटलं जोड कच्चा आहे. मामांना नेऊन दाखवलं, त्यांनी तुटलेला तुकडा नखावर धरला, बघितला आणि म्हणाले, जोड पक्का आहे, म्हणूनच तुटली.

डोक्यात प्रकाश पडायला मला दोन दिवस लागले. अंगठी मागच्या फटीतून फाकवली की सगळा जोर फटीच्या बरोबर समोर, म्हणजे वरच्या बाजूला येतो. पण वर जाड पान आहे, ते वाकत नाही. मग तो सगळा वाक पानाला लागून असलेल्या पहिल्या दोन मिलिमीटरात गोळा होतो, आणि जोडताना तापल्यामुळे नेमकी तिथलीच तार मऊ पडलेली असते. बाकीची अंगठी जशीच्या तशी, आणि त्या दोन मिमीवर सगळा मार.

तेव्हापासून मी दोन प्रकारे करते. एक तर फट वरच आणायची, म्हणजे दोन टोकं एकमेकांजवळून जातात, एका टोकाला पान, दुसऱ्याला मोती किंवा कळी, आणि वाक येतो तळहाताकडच्या साध्या गुळगुळीत भागात. नाहीतर फट मागेच ठेवायची पण पट्टी पानाशी जाड आणि टोकाकडे हळूहळू बारीक करत न्यायची, म्हणजे वाक सगळ्या गोलाईत वाटला जातो. अंगठी कुठे वाकणार हे आपण ठरवलं नाही तर ती स्वतः ठरवते, आणि तिची निवड नेहमी वाईट असते.

मग खड्याची, मीनाकामाची अंगठी अ‍ॅडजस्टेबल घेऊच नये का?

घ्या, पण वरचं वाचून घ्या. खड्याचं कोंदण वाकलं की खडा ढिला होतो, मीना म्हणजे काचच, ती वाकत नाही, टवका उडतो. फट वर असेल किंवा कोंदणाखाली जाड पाया असेल तर काळजी नाही. राशीचा खडा असेल आणि खालून बोटाला लागायला हवा असेल तर कोंदण उघडं ठेवावं लागतं, मग खाली पाया राहत नाही, अशा अंगठीला मी ओपन करत नाही, सरळ मापाची करून घ्या.

अंगठी घट्ट किंवा सैल करायची योग्य पद्धत काय?

पक्कड लांब ठेवा, आधी हे. पक्कडीचे दात धातूत उमटतात आणि ती खूण जन्मभर जात नाही, वर तडा सुरू व्हायला आयती जागा मिळते.

सैल करायची तर बोटापेक्षा किंचित जाड गोल काहीतरी घ्या, लाटण्याचं निमुळतं टोक तर एकदम बेस्ट. अंगठी त्यावर चढवा आणि गोल फिरवत फिरवत खाली ढकला. दोन टोकं हातात धरून दरवाजासारखी उघडू नका. घट्ट करायची तर बोटातच ठेवून दोन्ही बाजूंनी अंगठा आणि तर्जनीने दाबा, टोकं नको, बाजू दाबा. दाब सोडला की धातू थोडा मागे येतो, म्हणून हवंय त्यापेक्षा केसभर जास्त दाबायचं. आणि कितीही झालं तरी एका बैठकीत, दहा वेळा थोडं थोडं नाही.

कडं घालताना हात सोलतो, उघडायचं किती?

अजिबात उघडायचं नाही! मनगट चपटं असतं, समोरून बघितलं तर रुंद आणि बाजूने बघितलं तर अरुंद. कड्याचं एक टोक मनगटाच्या अरुंद बाजूला, हाडाच्या वर जिथे मऊ जागा आहे तिथे टेकवा, आत सरकवा आणि मग कडं फिरवा. काढताना उलटं. इंचभर फटीतून जाड मनगट पण जातं, विश्वास ठेवा. कॉलेजच्या मुली दोन्ही हातांनी फाकवून घालतात आणि चार महिन्यांनी विचारतात ताई हे मधून का वाकलं.

चांदी, पितळ, तांबं, स्टील, सोनं, कशात घेऊ?

चांदीत घ्यायची तर ९२५, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. शुद्ध चांदी फार मऊ, बादली उचलली की अंगठीचा आकार बदलतो. सोन्याचं तसंच, २२ कॅरेट सहज वाकतं पण सहज बिघडतं पण, १८ कॅरेट आकार धरून ठेवतं. तांबं सगळ्यात प्रेमळ, पाहिजे तसं वळतं, पण सैलही पटकन होतं. स्टील स्प्रिंगसारखं उडी मारून जागेवर येतं, त्यामुळे स्टीलची ओपन अंगठी घेतानाच बरोबर मापाची घ्या, हाताने ती ऐकणार नाही.

पितळ मला आवडतं, स्वस्त आहे, झळाळी सोन्याची, ताठ राहतं. पण एक गोष्ट सांगते. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे, कुणी हात न लावता. काडतुसं ठेवलेली असायची तबेल्यात, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळेला लागायचा. १९२१ मध्ये याचं कारण नीट मांडलं गेलं, घडवताना पितळेत ताण अडकून राहतो, त्यात अमोनिया मिळाला की ते तडकतं. आता तुमचं वाकवलेलं कडं म्हणजे ताण अडकलेलं पितळच की. म्हणून अमोनियावाला हेअर डाय लावताना, किंवा त्या वासाच्या क्लीनरने काच पुसताना पितळेचं कडं काढून ठेवा.

मार्केटमध्ये जर्मन सिल्व्हर म्हणून मिळतं त्यात चांदी शून्य, ते तांबं, निकेल आणि जस्त. वाईट नाही, पण निकेलने ज्यांना खाज येते त्यांनी जपून.

वन ग्राम गोल्डचं पॉलिश ओपन अंगठीवर टिकतं का?

वाकायच्या जागी सगळ्यात आधी जातं. वरचा थर खूप पातळ, खालचा धातू वाकला की त्याला बारीक भेगा पडतात. बसवा आणि सोडून द्या, पुन्हा तेच.

बोट हिरवं झालंय, फसवलं का मला?

नाही, तांबं आणि घाम भेटले. पितळेत पण तांबं असतंच. साबणाने जातं. आतून ट्रान्सपरंट नेलपॉलिशचा हात मारा, पंधरा-वीस दिवस निघतात. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, ते वेगळं प्रकरण.

टोकं टोचतात, ओढणीत अडकतात.

मग ती अंगठी नीट बनवलेली नाही, कुणाचीही असो. टोक गोल घासलेलं हवं, किंवा टोकाला छोटा मणी वितळवून घेतलेला हवा. घेताना टोक ओठावरून फिरवून बघा, बोटाला जे कळत नाही ते ओठाला कळतं. सिल्कवर किंवा लोकरीच्या स्वेटरवर घालणार असाल तर टोकं एकमेकांवर चढणारी घ्या.

दोरीचं सरकगाठीचं ब्रेसलेट मी घरी करू शकते का?

करा की, राखी ज्याला बांधता येते त्याला हे येतं. १ मिमीची नायलॉन किंवा मेणाची दोरी घ्या. मण्यांतून आलेली दोन टोकं एकमेकांसमोरून उलट दिशेला आडवी ठेवा, म्हणजे दोन दोऱ्या शेजारी शेजारी झोपल्या. आता वीतभर वेगळा तुकडा घेऊन त्या दोघींवर डावीकडून एक, उजवीकडून एक अशा चौकोनी गाठी मारा, पाच-सहा पुरतात. ओढून बघा, अडकत अडकत सरकली पाहिजे. लोण्यासारखी सरकली तर दिवसभरात आपोआप सुटणार, गाठी परत कसा. नायलॉन असेल तर कापलेली टोकं लायटरने हलकी वितळवा, दोरी नाही, फक्त टोकं!

सगळे चुकतात ते एकाच जागी, शेपट्या आखूड ठेवतात. मनगट सहा इंच आणि अंगठा आत दुमडलेला पंजा आठ इंच असेल तर ब्रेसलेट दोन इंच उघडायलाच हवं. म्हणून प्रत्येक शेपटी दोन इंच ठेवा आणि शेवटी मणी ओवून गाठ मारा, नाहीतर शेपटी गाठीतून निसटते आणि सगळे मणी रिक्षात.

सिलिकॉनचा सरकणारा मणी चांगला की मागची जादा चेन?

सरकणारा मणी एका हाताने घालता येतो, पण आतलं सिलिकॉन झिजतं, वर्ष-दीड वर्षाने पकड जाते आणि मणी बदलावा लागतो. जादा चेन दिसायला जुनी वाटते पण तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही, दोन इंचाची चेन, हव्या त्या कडीत हुक. आईसाठी घेत असाल तर मोठा हुक घ्या, बारीक हुक लावायला चष्मा लागतो.

इलॅस्टिकचं का नाही ठेवत?

ठेवत होते, बंद केलं. घाम, परफ्यूम, ऊन, सगळं त्याला लागतं आणि ते एकदम तुटतं, सांगून नाही. घरी करणार असाल तर ओवायच्या आधी ताणून घ्या आणि घालताना मनगटावर गुंडाळत चढवा.

बाळासाठी अ‍ॅडजस्टेबल वाळे, मनगट्या चालतील?

वाळे चालतील, ज्यात तारेच्या एका टोकाचं वेटोळं दुसऱ्या तारेवर सरकतं ते घ्या, बाळ वाढतं तसं वाढवता येतं. फट असलेलं कडं नको, टोक डोळ्याला लागतं. मनगट्यांचे काळे मणी सुंदर दिसतात पण बाळ सगळं तोंडात घालतं, दोरा तुटला तर मणी घशात, म्हणून बारशाचे फोटो झाले की काढून ठेवा. आजी रागावली तर माझं नाव सांगा.

अंगठी बोटात अडकली आणि बोट सुजलंय.

हात डोक्याच्या वर धरा, पाच मिनिटं. मग साबण. ओपन असेल तर फटीत पातळ पट्टी घालून हलकेच फाकवा, तुटली तरी चालेल, बोट महत्त्वाचं. बोट निळं-पांढरं पडत असेल किंवा बधिर होत असेल तर हे वाचत बसू नका, दवाखान्यात जा, तिथे अंगठी कापून काढतात.

मला स्वतः बनवायची आहे, कुठली तार घेऊ?

गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. व्हिडिओत १८ गेज म्हणतात ते बहुतेक अमेरिकन गेज असतं, त्यात १८ म्हणजे १ मिमी. आपल्या दुकानात १८ मागितली तर ब्रिटिश गेजची १.२ मिमीची मिळू शकते, आणि मग वळत का नाही म्हणून तुम्ही रडता. दुकानात मिलिमीटरच सांगा. अंगठीला तांब्याची १.२ ते १.५ मिमी तार घ्या. पट्टी असेल तर एवढं लक्षात ठेवा, रुंदी निम्मी केली तर वाकवायला निम्मा जोर लागतो, पण जाडी निम्मी केली तर चौथा हिस्सा. जड जातेय म्हणून लोक अरुंद करतात, खरं तर थोडी पातळ करायला हवी.

आजीची जुनी जोडवी अंगठी म्हणून घालता येतील?

येतील. आमच्याकडे पायातली चांदी हातात घालू नये म्हणणाऱ्या पण आहेत, ते तुम्ही घरात बघून घ्या. आधी मागची बाजू नखाने चाचपा, चाळीस वर्षं फरशीवर घासून ती कागदासारखी पातळ झालेली असते. तशी असेल तर स्वतः वाकवू नका. सोनाराकडे नेऊन आधी तापवून मऊ करून घ्या आणि त्याच्याच काठीवर तुमच्या मापाला बसवून घ्या. वरची नक्षी घासायला लावू नका फक्त, पॉलिशवाला विचारत नाही, तोच हात मारून टाकतो.